हाय-एन्ट्रॉपी अलॉयमध्ये चिमूटभर काही घालून फरक पडत नाही? पडतो, आणि खूप पडतो

सध्या एक दावा सगळीकडे फिरतोय, की या अलॉयची (एका मुख्य धातूऐवजी अनेक धातू मोठ्या प्रमाणात मिसळून केलेल्या मिश्रधातूंची) ताकद पाच-सहा धातू सारख्या प्रमाणात मिसळल्यानेच येते, जितके धातू जास्त तितका अलॉय भक्कम, वरून एक-दोन टक्के काही घातलं तर उपयोग शून्य, उलट तो ठिसूळ होतो. मला हे अजिबात पटत नाही.

आधी ते 'जितके जास्त तितकं भक्कम'. २००४ साली धातुशास्त्रज्ञ कँटर आणि सहकाऱ्यांनी २० मूलद्रव्यं प्रत्येकी ५ टक्के घेऊन अलॉय बनवलाच होता, एन्ट्रॉपी (अणूंच्या मिसळीतली अव्यवस्था) भरपूर, आणि हातात आलं ते अनेक फेजचं, म्हणजे आत वेगवेगळ्या रचनेचे भाग असलेलं, ठिसूळ मटेरियल. त्याच कामातला कोबाल्ट-क्रोमियम-लोह-मँगनीज-निकेल अलॉय एका फेजचा, कमालीचा चिवट, पण ग्रेन (आतले छोटे स्फटिक) मोठे असले की रूम टेंपरेचरला यील्ड स्ट्रेंग्थ (ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो) २०० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे साध्या स्टेनलेस स्टीलएवढीच.

'उपयोग शून्य' म्हणणाऱ्यांनी यातून मँगनीज काढून ४ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि २ टक्के टायटॅनियम घातल्यावर काय होतं ते बघावं. रोलिंग करून नीट एजिंग केलं (ठराविक तापमानाला बराच वेळ ठेवलं) की आत निकेल-टायटॅनियम-अ‍ॅल्युमिनियमचे नॅनो आकाराचे कण तयार होतात, डिसलोकेशन (स्फटिकातल्या अणूंच्या रांगांमधले दोष, जे सरकले की धातू वाकतो) त्यांना अडकतात आणि यील्ड १००० मेगापास्कलच्या घरात जाते. ताकद वाढवायला बोरॉन तर दहा लाखात ३० भाग इतकाच पुरतो, कारण तो सगळीकडे पसरत नाही, थेट ग्रेन बाउंडरीवर, म्हणजे दोन ग्रेनमधल्या सीमेवर, जाऊन बसतो.

आता ठिसूळपणा, आणि इथेच खरी गंमत आहे. ऑक्सिजन धातूला ठिसूळ करतो असं आपण सगळेच शिकलोय, आणि टायटॅनियममध्ये ते खरंही आहे, पण टायटॅनियम-झिरकोनियम-हाफ्नियम-निओबियमच्या अलॉयमध्ये २ टक्के ऑक्सिजन घातला तर ताकद ४८.५ टक्क्यांनी वाढली आणि तुटण्याआधी ताणलं जाणं जवळपास दुप्पट झालं, हे २०१८ साली प्रसिद्ध झालंय. तिथे ऑक्सिजन झिरकोनियम-टायटॅनियमच्या अणूंसोबत छोटे सुव्यवस्थित गट करून बसतो, डिसलोकेशन त्यात अडकून एकाच पट्टीत धावायचं सोडून इकडेतिकडे वळतात, त्यांची संख्या वाढते आणि ताण सगळीकडे वाटला जातो. पण त्याच अलॉयमध्ये तेवढाच नायट्रोजन घाला, ताकद वाढते पण ताणलं जाणं वाढत नाही!

एक गोष्ट मात्र मान्य, प्रमाण चुकलं की खेळ बिघडतो. कोबाल्ट-क्रोमियम-लोह-निकेलमध्ये अ‍ॅल्युमिनियम वाढवत नेलं की अणूंची रचना एफसीसी या मांडणीवरून बीसीसी या दुसऱ्या मांडणीकडे जाते, कडकपणा चढतो आणि लवचिकपणा जातो. तेव्हा कुठलं मूलद्रव्य, किती आणि ते आत नेमकं कुठे जाऊन बसतं, हे न सांगता कोणी 'ठिसूळ होतं' म्हणालं तर त्याला काही अर्थ नाही.