शेतकरी दिसतो, शेत कुठे आहे?

परवा रात्री आद्रियान फान ओस्टाडेची एचिंग्ज (तांब्याच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, तेजाबाने कोरून कागदावर छापलेली चित्रं) झूम करकरून बघत बसलो आणि झोपेचं खोबरं झालं. नेदरलँड्समधल्या हार्लेमचा हा चित्रकार (१६१०–१६८५). पन्नासेक प्लेटा केल्या, बहुतेक खेड्यातल्या माणसांच्या. पिणारे, नाचणारे, पाईप ओढत बसलेले. एवढ्या प्लेटांत मला एक नांगर सापडला नाही!

त्याला एकट्याला दोष देत नाही. रेम्ब्रांटचं १६४३ मधलं 'तीन झाडं' हे एचिंग बघा. गळ टाकून बसलेला माणूस आहे, झुडपात लपलेलं प्रेमी जोडपं आहे, टेकाडावर रेखाटणारा चित्रकारसुद्धा आहे. शेतातली माणसं मात्र ठिपक्याएवढी. लोरेनच्या (आजच्या फ्रान्समधल्या) झाक कालोने १६३३ मध्ये युद्धाच्या हालअपेष्टांवर १८ एचिंग्ज केली, एकेकाची उंची जेमतेम ८ सेंटिमीटर. त्यातल्या एकात सैनिक शेतकऱ्याचं घर लुटतात, माणसाला चुलीवर उलटं टांगतात. शेवटी शेवटी शेतकरीच सैनिकांना गाठून ठेचतात. म्हणजे कालोचा शेतकरी मार खातो किंवा मारतो. पेरणी-कापणी करत नाही.

गिऱ्हाईक शहरातलं होतं, हे उघड आहे. पेंटिंग परवडत नाही त्याने छाप विकत घ्यायची. त्याला खेडवळाची दारू आणि दंगा बघून हसायचं होतं. त्याच्या घामाला कोण पैसे मोजणार? ओस्टाडेची सुरुवातीची पेंटिंग्ज तर सरळ धिंगाणाच आहेत. मला ती आवडत नाहीत.

पण नंतरचा ओस्टाडे वेगळा वाटतो. १६४७ चं 'कुटुंब', १६५३ ची जेवणाआधीची प्रार्थना: काळोखी खोली, छोटंसं टेबल, खाली झुकलेल्या माना. इथे कुणी कुणाला हसत नाही. आणि १६५२ ची ती सूत कातणारी बाई. नांगर शोधता शोधता मी तिच्यावरून दोनदा पुढे गेलो होतो. कष्ट म्हटलं की आपण शेतातच बघतो ना! इथे ते घराशी आहेत, बाईच्या हातात आहेत.

ओस्टाडे स्वतः पक्का शहरी, १६६२ मध्ये हार्लेमच्या चित्रकारांच्या गिल्डचा (व्यावसायिक संघाचा) प्रमुख. पण बाप विणकर होता, आइंडहोवनकडून आलेला. 'ओस्टाडे' हे आडनावही तिकडच्याच एका वस्तीचं. नांगर त्याने लांबूनच बघितला असेल, सूत मात्र घरातलं होतं.

आता ती प्लेट फोनचा वॉलपेपर आहे. बायको विचारते, ही कोण म्हातारी?