आचाऱ्याचे नंतर बघू

आपण अमेरिकी व्यावसायिक फुटबॉलचा एक संघ विकत घेतलात, त्याबद्दल प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. वॉशिंग्टनचा संघ २०२३ मध्ये ६ अब्ज ५ कोटी डॉलरना विकला गेला, तेव्हा आपणही काही किरकोळ रक्कम मोजलेली नसणार; आणि एवढे पैसे मोजणाऱ्याला खेळातले काही कळते का, हे विचारण्याची कोणाची प्राज्ञा आहे? तरीही थोडा हिशोब सांगून ठेवतो. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत, प्रत्येकाला ५३ खेळाडू बाळगता येतात, आणि त्या सर्वांच्या मानधनावर सॅलरी कॅप नावाचे झाकण असते, जे २०२५ च्या हंगामात सर्व संघांना सारखेच, म्हणजे २७ कोटी ९२ लाख डॉलर होते. तिजोरी कितीही भरलेली असली तरी ताटात वाढायचे ते मोजूनच. शिवाय जो संघ सर्वांत वाईट खेळतो, त्याला पुढच्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंतून पहिली निवड करण्याचा मान मिळतो. (भांडवलशाहीच्या या पंढरीत एवढा साम्यवाद कसा खपवून घेतात, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) तेव्हा प्रश्न इतकाच उरतो की हे मोजके पैसे आणि या मोजक्या निवडी कोणत्या जागेवर उधळाव्यात.

याचे उत्तर आपल्याला घरच्या लग्नातूनच मिळेल. लग्न ठरले की आपल्याकडे आधी बँडवाला ठरतो, मग घोडा, मग फोटोवाला. आचाऱ्याचे नंतर बघू, असे म्हटले जाते आणि ते नंतरच बघितले जाते. पंगतीत भात कच्चा निघाला तरी घोडा काय सुंदर नाचला, ही आठवण कोणी हिरावून घेऊ शकत नाही. संघ बांधतानाही हेच सूत्र धरावे. जी जागा टीव्हीवर दिसते, जिच्या नावाची जर्सी दुकानात खपते, तीच महत्त्वाची.

पहिला मान अर्थातच क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते, चांगला मिळाला तर दहा-पंधरा वर्षांची ददात मिटते, आणि मैदानावरची ही सर्वांत मोलाची जागा आहे हे शत्रूही मान्य करील. मात्र तो मिळवण्याची रीत महत्त्वाची आहे. तो घाईने, गर्दीत आणि शेजाऱ्यापेक्षा एक रुपया जास्त देऊनच घ्यावा. क्लीव्हलंड ब्राउन्सनी २०२२ मध्ये डेशॉन वॉटसनसाठी ह्यूस्टनला ड्राफ्टमधल्या आपल्या पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या, वर आणखी काही निवडी दिल्या, आणि त्याच्याशी पाच वर्षांचा २३ कोटी डॉलरचा करार केला, ज्यातला प्रत्येक डॉलर हमीचा होता. पुढच्या तीन हंगामांत संघ साखळीचे ५१ सामने खेळला आणि वॉटसनने त्यांतल्या १९ सामन्यांची सुरुवात केली. डेन्व्हरने तर रसेल विल्सनला दोन हंगाम वापरून २०२४ मध्ये मोकळे केले, तेव्हा जो माणूस आता आपल्याकडे खेळतच नाही त्याच्यापायी सॅलरी कॅपवर ८ कोटी ५० लाख डॉलरचा बोजा घेतला. यजमानाचा दिलदारपणा म्हणतात तो हा.

काही चिकित्सक लोक आपल्याला टॉम ब्रेडीचे नाव सांगतील. तो २००० च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत १९९ वा निवडला गेला आणि त्याने सात सुपर बोल, म्हणजे हंगामाचे अंतिम सामने, जिंकले. सॅन फ्रान्सिस्कोचेही उदाहरण देतील: त्या संघाने २०२१ मध्ये ट्रे लान्ससाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी खर्ची घातल्या, त्याला चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळवले, आणि अखेर २०२४ च्या सुपर बोलपर्यंत नेले ते ब्रॉक पर्डीने, जो २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू होता. त्या शेवटच्या खेळाडूला ‘मिस्टर इररेलेव्हंट’, म्हणजे खिजगणतीत नसलेले गृहस्थ, असे म्हणण्याची तिथे प्रथाच आहे. असल्या उदाहरणांनी विचलित होऊ नये. स्वस्तात लागलेल्या लॉटरीचे श्रेय मालकाच्या दूरदृष्टीला कोणी देत नाही, महागात पडलेल्या खरेदीचा मात्र निदान मथळा तरी होतो.

क्वार्टरबॅक आणला की त्याला तत्काळ मैदानात उतरवावे. त्याच्यापुढे कोण उभे राहणार, हे आधी पाहत बसू नये. ह्यूस्टन टेक्सन्स हा २००२ मध्ये अवतरलेला नवा कोरा संघ. इतर संघांनी सोडायची तयारी दाखवलेल्या खेळाडूंतून त्यांनी सर्वप्रथम टोनी बोसेली हा नामांकित लेफ्ट टॅकल, म्हणजे क्वार्टरबॅकला राखणारा डाव्या कडेचा गडी, उचलला, त्याचा खांदा दुखावलेला होता, आणि तो ह्यूस्टनकडून एकही सामना खेळू शकला नाही. ड्राफ्टमध्ये मग पहिल्याच क्रमांकावर डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक घेतला आणि त्याला सोळाच्या सोळा सामन्यांत उभे केले. त्या हंगामात चेंडू हातात असतानाच तो ७६ वेळा आडवा पाडला गेला, आणि हा विक्रम अजून मोडलेला नाही. पहिल्याच वर्षी विक्रम करणारे संघ किती असतात?

दुसरा मान रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याचा, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण इतका उत्कट प्रेमभाव इतर कोणत्या जागेबद्दल दिसत नाही. १९९९ मध्ये न्यू ऑर्लिन्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांनी रिकी विल्यम्स या एका धावपटूसाठी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या निवडी आणि वर पुढच्या वर्षीची पहिल्या व तिसऱ्या फेरीची निवड वॉशिंग्टनला देऊन टाकली. सगळ्या म्हणजे सगळ्या. घरातली भांडीकुंडी विकून अंगठी आणावी, तसे. त्यानंतर एका क्रीडा मासिकाच्या मुखपृष्ठावर दोघांचे छायाचित्र झळकले, ज्यात डिटका नवरदेवाच्या काळ्या सुटात होते आणि शेजारी धिप्पाड विल्यम्स पांढराशुभ्र वधूवेष लेवून उभा होता. मुंडावळ्या आणि मंगलाष्टकांचीच काय ती उणीव. संसार एक हंगाम टिकला, तीन सामने जिंकले, तेरा हरले, आणि डिटकांची नोकरी गेली. मिनेसोटाने १९८९ मध्ये हर्शेल वॉकरसाठी डॅलसला खेळाडू आणि निवडींचे असेच ताट भरून दिले होते. त्या ताटावर डॅलसने नव्वदच्या दशकात तीन सुपर बोल जेवले, हा तपशील अलाहिदा. आपण मिनेसोटाचाच कित्ता गिरवावा, कारण वरात त्यांच्या दारी आली होती.

वाइड रिसीव्हरबद्दल, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणाऱ्याबद्दल, डेट्रॉइट लायन्सची निष्ठा सांगितली की पुरे. त्यांनी पहिल्या फेरीत २००३ मध्ये रिसीव्हर घेतला, २००४ मध्ये रिसीव्हर घेतला, २००५ मध्ये रिसीव्हर घेतला, एक वर्ष कसाबसा दम धरला आणि २००७ मध्ये पुन्हा रिसीव्हर घेतला. शेवटचा केल्व्हिन जॉन्सन खरोखरच अद्वितीय निघाला, आणि २००८ मध्ये तो संघात असताना लायन्स सोळापैकी सोळा सामने हरले. चेंडू झेलणारे इतके झाले होते की तो फेकायला वेळ कोण मिळवून देणार, हा प्रश्न विचारायला जागाच उरली नव्हती.

पंटरला कमी लेखू नये. जॅक्सनव्हिलने २०१२ मध्ये तिसऱ्या फेरीत, एकूण ७० व्या क्रमांकावर, ब्रायन अँगर हा पंटर घेतला. पंटरचे काम एवढेच की आपल्याला पुढे सरकता आले नाही म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवून तो प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करायचा. पाच क्रमांकांनंतर, ७५ व्या जागी, सिअॅटलने रसेल विल्सनला घेतले, आणि दोन हंगामांत तो तरुण विल्सन सुपर बोल जिंकून बसला. पण आपला संघ वारंवार अडणार हे ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याने उत्तम पंटर घेणे यालाच नियोजन म्हणतात.

आता ज्यांच्यावर पैसा घालवू नये, अशा लोकांकडे वळतो. चेंडूच्या रेषेवर क्वार्टरबॅकच्या पुढे पाच जण असतात: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि कडेला टॅकल. दीडशे किलोच्या आसपासचे हे गडी दर चालीला समोरच्यावर आदळतात, आणि एरवी फेकलेला चेंडू झेलण्याची त्यांना नियमानेच मनाई असते. त्यांची जर्सी घालून फिरणारा चाहता मला क्वचितच दिसला आहे. त्यांची दखल घेतली जाते ती एकाच प्रसंगी: पंच ध्वनिक्षेपकावरून सांगतात की अमुक क्रमांकाने प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवले, दंड दहा यार्ड, आणि मग ऐंशी हजार माणसे त्या क्रमांकाला एकमुखाने शिव्या देतात.

न्यू जर्सीत एडिसनला आमच्या शेजारी एक काका असतात. मूळचे सांगलीकडचे, तरुणपणी तालमीत घुमलेले, मुलाकडे राहायला आलेले. २०२३ च्या हंगामात रविवारी दुपारी त्यांच्या तळघरात आम्ही चार-पाच जण कांदेपोह्यांच्या बशा घेऊन न्यूयॉर्क जायंट्सचे सामने पाहत असू, आणि आमची नजर अर्थातच चेंडूवर असे. एकदा काका करवादले, “अरं, चेंडूकडं काय बघतोस? त्या कडेच्या गड्याचं पाय बघ. टाच उचलली की गडी गेला.” पुढच्याच चालीला मी पाहिले. टॅकल मागे सरकत होता, समोरचा त्याच्या छातीवर आला, याने तोल सावरायला पुढे रेलून दोन्ही हात टाकले आणि टाच जमिनीवरून सुटली. समोरच्याने त्याच क्षणी काखेखालून हात सारला, खांदा वळवला आणि तो पार निघून गेला. क्वार्टरबॅक पलीकडे पाहत होता. दोन सेकंदांत सगळे संपले, आणि समालोचक त्याने चेंडू लवकर का सोडला नाही यावर बोलत राहिला. त्या हंगामात जायंट्सचे क्वार्टरबॅक ८५ वेळा असे पाडले गेले.

जायंट्सनी यावर योग्य तोच उपाय केला. २०१८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला रनिंग बॅक सेक्वॉन बार्क्ली याला त्यांनी २०२४ मध्ये जाऊ दिले. तो दीड-दोन तासांच्या अंतरावरच्या फिलाडेल्फियाला गेला, तिथे २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल जिंकून आला. जायंट्स तीन जिंकले, चौदा हरले. फिलाडेल्फियाची हवा त्याला मानवली, असा निष्कर्ष आपण काढावा. तिथला लेफ्ट टॅकल जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी खेळाडू, ज्याने अमेरिकी फुटबॉलचा एकही सामना न खेळता सातव्या फेरीत प्रवेश मिळवला आणि ज्याला त्यांनी वर्षानुवर्षे बसून शिकवले, असल्या कंटाळवाण्या कारणांकडे लक्ष देऊ नये.

कान्सास सिटीचे ताजे दाखलेही आपल्याला कोणी दाखवील. २०२१ च्या सुपर बोलमध्ये त्यांचे नेहमीचे दोन्ही टॅकल दुखापतीमुळे बाहेर होते, आणि जगातला सर्वांत महागडा हात असलेला त्यांचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स संध्याकाळभर जिवाच्या आकांताने पळत होता. चौथ्या सत्रात तो कोसळता कोसळता, अंग जमिनीला जवळजवळ समांतर असताना, चेंडू भिरकावता झाला, आणि तो चेंडू नेमका सहकाऱ्याच्या शिरस्त्राणाच्या जाळीवर आदळून खाली पडला. निकाल ३१–९, अर्थातच त्यांच्या विरोधात. त्या संघाने पुढच्या काही महिन्यांत पुढची रांग जवळपास नव्याने उभी केली आणि नंतर दोन सुपर बोल जिंकले; पण २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बचावातल्या पुढच्या गड्यांनी जादा कुमक न घेता महोम्सला पुन्हा सहा वेळा लोळवले. यातून काही शिकायचेच असेल तर एवढेच शिकावे की सुपर बोलच्या मध्यंतरातला गाण्याचा कार्यक्रम कोणीच चुकवत नाही.

समोरच्याचा क्वार्टरबॅक लोळवणारे हे बचावातले गडी फार बोलबाला झाला की पैसे मागतात. तेव्हा डॅलसप्रमाणे हंगामाला आठवडा उरलेला असताना त्यांना विकावे. त्यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये मायका पार्सन्स असाच ग्रीन बेला देऊन टाकला. डॅलसचे मालकच १९८९ पासून संघाचे व्यवस्थापकही आहेत, आणि त्यांचा शेवटचा सुपर बोल जानेवारी १९९६ मधला आहे.

हे सर्व मनापासून पाळल्यास डिसेंबरपर्यंत आपला संघ तळाला असेल आणि एप्रिलमधली पहिली निवड आपलीच असेल. त्या वर्षीही लांब हाताचा, उंचापुरा, दात स्वच्छ असलेला एखादा क्वार्टरबॅक उपलब्ध असतोच. क्लीव्हलंडने १९९९ पासून असे चाळिसांहून अधिक क्वार्टरबॅक मैदानात उतरवले आहेत, आणि तिथल्या एका चाहत्याने एकाच जर्सीच्या पाठीवर आधीचे नाव खोडून खाली पुढच्याच्या नावाची पट्टी चिकटवत नेली, ती जर्सी बरीच वर्षे एका जाहिरात संस्थेच्या कचेरीच्या काचेत टांगलेली असे. आपल्या दुकानासाठी माल मागवताना क्रमांक पक्का शिवून घ्यावा. नावाला चिकटपट्टी पुरेल.