जरा मवाळ करून देतो

गाडी जास्त कशी पळवावी हे सांगणारी माणसं न विचारता भेटतात. कमी कशी पळवावी हे विचारून बघा. समोरचा आधी गाडीकडे बघतो, मग तुमच्याकडे, आणि मग आवाज खाली आणून विचारतो, "घरी सगळं ठीक आहे ना?"

माझी अडचण साधी होती. लेकीसाठी 85 सीसीची एक जुनी टू-स्ट्रोक डर्ट बाइक घेतली. लेकीचं वय 12, अनुभव सायकलचा. गाडीला अनुभव शर्यतींचा. आधीच्या मालकानं सिलिंडरमधला एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे जळका वायू बाहेर पडायचं भोक, वरच्या बाजूनं घासून उंच करून घेतला होता आणि नातवाचं कौतुक सांगावं तसं त्यानं ते मला सांगितलं होतं. मीही "अरे वा!" म्हणालो होतो. काय कळलं म्हणून म्हणालो, ते विचारू नका.

पोर्ट उंच केला की जळका वायू लवकर बाहेर पडतो. मग इंजिन चढ्या फेऱ्यांना मोकाट सुटतं आणि खालचा जोर नाहीसा होतो. याचा अर्थ पहिल्याच दिवशी मैदानावर उमगला. लेकीनं क्लच सोडला, गाडी बंद. पुन्हा किक, पुन्हा बंद. सातव्यांदा तिनं चिडून जरा जास्त रेस दिली. क्षणभर काहीच झालं नाही. मग जे व्हायचं ते सगळं एकदम झालं. पुढचं चाक वर गेलं, गाडी पुढे गेली, लेक मागे राहिली.

"बाबा, मला क्लच सोडता येत नाहीये," कपडे झटकत ती म्हणाली.

"क्लचचं काही नाही गं, इंजिनच तापट आहे. जरा मवाळ करून देतो."

हे एक वाक्य मी पुढचे दोन महिने निस्तरत होतो.

टू-स्ट्रोक इंजिन दिसायला अगदी गरीब. डोक्यावर व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टन वर-खाली होतो आणि जाता-येता भिंतीतली भोकं उघडतो, झाकतो. पण दर फेरीला एक स्फोट! 12,000 आरपीएमला सेकंदाला 200 स्फोट, तेही 47.5 मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये. त्यात धूर बाहेर नेणारं ते पोट फुगलेलं नळकांडं, म्हणजे एक्स्पान्शन चेंबर. सिलिंडरमधून निसटू पाहणारं पेट्रोल-हवेचं ताजं मिश्रण त्यातून परत फिरलेली दाबाची लाट आत ढकलते. मात्र ही लाट ठरावीक फेऱ्यांनाच वेळेवर पोचते. म्हणून ही इंजिनं आधी झोपलेली असतात आणि मग अंगावर येतात. ही विद्या पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीच्या वाल्टर काडेननं शर्यतीच्या मैदानावर कळसाला नेली. त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर 1961 मध्ये स्वीडनमधल्या शर्यतीच्या वेळी मायदेश सोडून पळाला, ती विद्या घेऊन सुझुकीकडे गेला आणि 1962 मध्ये त्यांच्या 50 सीसी गाडीवर जगज्जेता झाला. ज्या नळकांड्यापायी माणसानं देश सोडला, त्याच्या माझ्याकडच्या नमुन्यात कोळ्यानं संसार थाटला होता.

असो. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन मिश्रणाला दाबतो तो दाब, कमी केलं की इंजिन निवतं, एवढं मला समजलं होतं. अर्धवट समजलं होतं. मी सिलिंडर काढला आणि त्याच्या बुडाशी एकाऐवजी दोन पॅकिंग घातली. कॉम्प्रेशन खरंच उतरलं. पण सिलिंडर वर उचलला गेला म्हणजे त्याच्या भिंतीतले पोर्टही वर गेले, हे माझ्या ध्यानात आलं नाही. आधीच्या मालकानं कानशीनं जे काम सुरू केलं होतं, ते मी पॅकिंगनं पुढे नेलं. गाडी खाली आणखी मेली आणि वर आणखी पेटली. चाचणी मीच घेतली. कडेच्या झुडपातून बाहेर येताना लेकीनं मला हात दिला आणि तोंडातून शब्दही काढला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

खालचं जादा पॅकिंग काढलं. जाड पॅकिंग घालायचं ते हेडखाली, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाखाली. तिथे पोर्ट जागचे हलत नाहीत, कॉम्प्रेशन तेवढं उतरतं.

मग मला तेलाची बुद्धी झाली. पेट्रोलमध्ये तेल जरा जास्त मिसळलं तर इंजिन सुस्तावेल, असं वाटलं. झालं उलटं. कार्बोरेटरच्या त्याच जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, आता तेल जास्त आणि पेट्रोल कमी जाऊ लागलं. म्हणजे प्लग तेलानं काळाकुट्ट आणि मिश्रण मात्र रोडावलेलं. रोड मिश्रणानं इंजिन तापतं आणि पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो, हे वेळेवर वाचलं म्हणून वाचलो. धूर इतका झाला होता की लेक त्यात शिरताना दिसली, बाहेर येताना फक्त ऐकू आली.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं, "इंजिन कशाला उघडता? मॅग्नेटला वजन लावा." शिकाऊ माणसासाठी एकच बदल करायचा असेल तर हाच करावा, असं माझं ठाम मत झालं आहे. मॅग्नेट, म्हणजे फ्लायव्हील, जड झालं की इंजिन चटकन बंद पडत नाही आणि चटकन उसळतही नाही. ताकद तीच राहते, फक्त ती येण्याआधी दार वाजवते. या गाडीच्या मॅग्नेट काढायच्या पुलरचे आटे उलटे आहेत, हे मात्र मिस्त्री सांगायला विसरले. अर्धा तास तो पुलर बसेचना आणि मी त्याला घरातल्या लहानांपुढे बोलू नये ते बोलत होतो.

मागचं 47 दात्यांचं स्प्रॉकेट काढून 50 दात्यांचं लावलं. गाडी जागची सहज हलू लागली आणि वरचा वेग सहा टक्क्यांनी घटला. चेन तोकडी पडली, ती बदलली. कार्बोरेटरच्या स्लाइडवरच्या स्प्रिंगमध्ये नळीचा एक छोटा तुकडा सरकवला, म्हणजे मूठ कितीही पिळली तरी स्लाइड अर्ध्याच्या वर उठत नाही. जुना प्लग फेकला. तेल मापानं घातलं, भीतीनं नाही.

पुन्हा मैदान. लेकीनं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी चालू लागली. बंद नाही, उसळी नाही. मला भरून आलं. दोन महिन्यांच्या कष्टांवर मी मनातल्या मनात एक छोटं भाषण केलं. ते संपता संपता वळणावर ती पडली.

हातात पाना होताच. तो घेऊन मी धावत सुटलो. पोचेपर्यंत तिनं गाडी उभी केली होती आणि किकवर पाय ठेवला होता.

"पुढचा ब्रेक मी जोरात दाबला," ती म्हणाली. "इंजिनचं काही नाही. बाबा, तो पाना खाली ठेव."