त्यात एक सात होता

अकरावीत मी परम्युटेशन-कॉम्बिनेशन ऑप्शनला टाकलं होतं. गोष्टी किती प्रकारे निवडता आणि मांडता येतात, ते मोजायचा आठ मार्कांचा धडा, कोण करत बसणार? त्या आठ मार्कांची वसुली पस्तीस वर्षांनी चाळीसगावच्या एका मंगल कार्यालयात, दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर, सनई चालू असताना झाली.

लग्न माझ्या भाचीचं. मी मामा. मामाची कामं दोनच. नवरीला पिवळी साडी द्यायची आणि मुहूर्ताला तिला हात धरून बोहल्यापर्यंत आणायचं. दुसऱ्या कामाला अजून सव्वादोन तास होते. पहिलं काम बॅगेत होतं.

आणि बॅग उघडत नव्हती.

ही बॅग म्हणजे आमच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेली टणक कवचाची सुटकेस. तिला दोन कड्या आणि प्रत्येक कडीला तीन-तीन चाकांचं नंबर लॉक. इतकी वर्षं त्या चाकांवर तीन शून्यं होती आणि बॅग सुखात होती. पण निघायच्या आदल्या रात्री माझ्या डोक्यात आलं, की रात्रीची गाडी, मनमाडला सगळे पेंगलेले असणार, आत साडी आणि चांदीची वाटी, तेव्हा नंबर बदललेला बरा. आतली बारीक खुंटी सरकवली, कुणाला म्हणून सुचणार नाही असा नंबर लावला आणि खुंटी परत जागेवर आणली. 'कुणाला म्हणून' यात मीही येतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही. नंबर कागदावर लिहूनही ठेवला होता. तो कागद कुठे ठेवला, हे तुम्ही ओळखलं असेलच.

"अहो, आठवा ना," सौ. म्हणाली. हे ती शांतपणे म्हणाली. ती शांतपणे बोलते तेव्हा मी आधी दार कुठे आहे ते बघून ठेवतो.

पहिली सूचना ताईची. "लग्नाची तारीख लावली असशील. सगळे तीच लावतात." झालं! खोलीतल्या पंधरा बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी चाकं फिरवली. एक, पाच, पाच. पंधरा मे. बॅग गप्प. सौ.सुद्धा गप्प. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "चौदा मे." बॅग एक चार पाचलाही उघडली नाही. पण आता तो विषय बॅगेचा राहिला नव्हता.

मग वाढदिवस झाले. मुलाचा, मुलीचा, सासूबाईंचा (हा मी मुद्दाम मोठ्याने बोलत लावला). घराचा नंबर झाला, पिनकोडचे शेवटचे तीन आकडे झाले. केटररचा माणूस नाश्त्याचे ट्रे गोळा करायला आला होता, तो म्हणाला, "काय व्हयनं भाऊ?" आणि उत्तराची वाट न बघता मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. सौ. बॅगेपुढे आडवी झाली. "माझ्या बाबांची आहे. फोडायची असेल तर आधी मला फोडा." बायकोच्या तोंडून असं वाक्य ऐकलं की शहाण्याने स्क्रू ड्रायव्हर परत करावा.

भावोजी बँकेतले. त्यांनी मोबाइलवर हिशोब काढला. "हे बघा, एका कुलुपाला हजार नंबर. कुलुपं दोन. हजार गुणिले हजार, दहा लाख. एका नंबराला तीन सेकंद धरले तर तीस लाख सेकंद. म्हणजे..." त्यांनी बोट आपटलं, "पस्तीस दिवस."

"तोवर चातुर्मास लागेल," कुणीतरी म्हणालं. ताई रडायच्या बेतात आली.

तेव्हा दारातून आवाज आला, "दहा लाख कसे? दोन हजार."

मुलाकडचे एक काका होते. निवृत्त गणिताचे मास्तर, सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. व्याही मंडळी पाव्हणचाराला म्हणून इकडे आली असतील, पण सरांना कुलुपाचा वास लागला होता. ते खुर्ची ओढून बसले. "दोन्ही कुलुपं एकदमच उघडायला हवीत असं असतं तर गुणाकार. इथे डावी कडी उघडली की ती खट्‌कन वर येते, हो की नाही? मग ती झाली, आता उजवी. हजार अधिक हजार. बेरीज आहे ही! आणि दोन्हीकडे एकच नंबर लावला असेल तर हजारच."

दोन्हीकडे एकच लावला होता, एवढं मला शंभर टक्के आठवत होतं.

"मग तीन हजार सेकंद. पन्नास मिनिटं. शून्य शून्य शून्यपासून सुरू करा."

घड्याळात पावणेअकरा. गौरीहर पूजा पावणेबाराला, मुहूर्त बारा पस्तीसचा. सरांचं त्याच क्षणी ऐकलं असतं तर हा लेख इथेच संपला असता. पण आपल्याकडे एखादं काम पन्नास मिनिटांत नक्की होणार असं कळलं, की ते पाच मिनिटांत कसं होईल यावर तासभर चर्चा करतात. सगळ्यांनी मला आठवायला बसवलं. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "त्यात एक सात होता."

सरांचे डोळे चमकले. त्यांनी हात पुढे केला आणि कुणीतरी त्या हातात आहेराची वही दिली. त्यांनी ती मागून उघडली. "अजून?"

"तिन्ही आकडे वेगळे होते. दोनदा तोच आकडा मी लावत नाही, चोर तिथूनच सुरुवात करतो."

"छान. दहा गुणिले नऊ गुणिले आठ, सातशे वीस. त्यात सात हवाच. सात बसायच्या जागा तीन, उरलेल्या दोन जागांना नऊ आणि आठ पर्याय. तीन गुणिले बहात्तर, दोनशे सोळा. अजून?"

मला अजून काही आठवत नव्हतं. पण सौ. म्हणाली, "हे नंबर लावत होते तेव्हा मी बघत होते. नंबर नीट दिसला नाही, पण आकडे चढत गेले होते. लहान, मग मोठा, मग त्याहून मोठा."

सर खुर्चीत ताठ झाले. "वहिनी, तुम्ही तर सोडवलंच! सात आहेच. उरलेल्या नऊ आकड्यांतून कुठलेही दोन घ्या. नऊ गुणिले आठ भागिले दोन. एकदा तीन आकडे ठरले की चढत्या क्रमात ते एकाच प्रकारे बसतात. म्हणजे एकूण..." त्यांनी वहीत आकडा लिहिला आणि वही सगळ्यांकडे वळवली.

३६.

"नवरा-बायकोत छत्तीसचा आकडा," भावोजी म्हणाले. "हा तर आधीपासून माहीत होता."

देवनागरीत तो लिहिला की तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात. त्या वेळी खोलीत आम्हीही साधारण तसेच बसलो होतो.

सरांनी आहेराच्या वहीत मागच्या पानावर छत्तीसच्या छत्तीस नंबर उतरवून काढले. ०१७, ०२७, ०३७ असे. (दोन महिन्यांनी ताईचा फोन आला, "अरे, हा ५७९ रुपयांचा आहेर कुणाचा रे?") आठवीतला धाकटा भाचा चाकं फिरवायला बसला, कारण त्याची नखं लांब होती आणि त्याला इतर काही काम सांगण्यात अर्थ नव्हता. सर नंबर वाचत गेले, तो फिरवत गेला.

तेवढ्यात सर मध्येमध्ये सांगतही होते. इथून जवळच पाटण आहे, पाटणादेवीचं. तिथल्या शिलालेखात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. "बघा, नातवाने आजोबांचं गणित शिकवायला मठ काढला, आणि आमचा नातू क्लासला दांडी मारतो." त्या आजोबांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत नेमक्या ह्याच प्रकाराचा एक भाग आहे. त्याचं नाव अंकपाश. "पाश म्हणजे फास," सरांनी खुलासा केला. मला तो नको होता, मी आत अडकूनच बसलो होतो. त्यात आचार्य विचारतात, शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू, त्रिशूळ अशी दहा आयुधं अदलून-बदलून दिली तर मूर्ती किती होतील? छत्तीस लाख अठ्ठावीस हजार आठशे. आणि विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म? चोवीस.

"चोवीस म्हणजे केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः!" गौरीहराची तयारी करणारे गुरुजी बाहेरून ओरडले. इतकी वर्षं ते संध्येत ही चोवीस नावं घेत आले असणार. कुठल्या हातात काय, एवढ्या फरकाने केशवाचा नारायण होतो, हे सरांनी सांगितल्यावर ते हातातली पळी तशीच धरून आत येऊन बसले. म्हणजे आता गुरुजीही गेले. मुहूर्त सांगणारा माणूसच कुलुपाभोवती बसला तर मुहूर्त कोण सांगणार?

"७८९," सर म्हणाले. भाच्याने फिरवलं. छत्तिसावा आणि शेवटचा.

बॅग बंद.

खोलीत ती शांतता पसरली, जी फक्त निकाल लागल्यावर पसरते. सर वही बघत राहिले. "तिघांपैकी एक साक्षीदार फितूर आहे," ते म्हणाले. साक्षीदार तीन नव्हते, दोनच होते, आणि त्यातल्या एकावर संशय घ्यायची कुणाची प्राज्ञा नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सात नक्की होता," मी म्हणालो. तेवढाच माझा आधार होता.

"यांचं नक्की म्हणजे पंधरा मे," सौ. म्हणाली.

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. अखेर शून्य शून्य शून्यपासून सुरुवात झाली. भाच्याचं बोट, सरांची मोजणी. ०४१, ०४२. ताईने स्वतःच्या कपाटातली एखादी पिवळी साडी मिळते का ते पाहायला माणूस घरी पाठवला होता, तोही परत येऊन कुलुपाभोवती बसला. लग्नघरात इतकी माणसं एका जागी इतका वेळ गप्प बसलेली मी पाहिलेली नाहीत. २१५, २१६.

तेव्हा भाची आली. केस बांधलेले, मुंडावळ्या हातात, अंगावर अजून घरचा ड्रेस. सगळी हकीकत तिने उभ्या उभ्या ऐकून घेतली आणि विचारलं, "मामी, मामा नंबर लावत होता तेव्हा तू कुठे बसली होतीस?"

"कुठे म्हणजे? पलंगावर. समोर."

"बॅगेच्या मागच्या बाजूला?"

"हो. घड्या घालत होते."

सरांनी वही मिटली, परत उघडली आणि कपाळावर हात मारला. "अहो वहिनी, तुम्हाला उलटं दिसलं! तुमच्या डावीकडचा आकडा म्हणजे त्यांच्या उजवीकडचा. तुम्हाला चढता, तर यांना उतरता!" मग भाच्याला म्हणाले, "तीच यादी. फक्त प्रत्येक नंबर उलटा वाचायचा."

"म्हणजे किती होतील?" भावोजींनी विचारलं.

"तेवढेच. छत्तीस. इकडून बघा नाहीतर तिकडून बघा, छत्तीसच."

७१०, ७२०, ७३०. अकराव्या-बाराव्या नंबरापर्यंत गुरुजी उठून दाराशी उभे राहिले होते, अर्धं लक्ष घड्याळात, अर्धं चाकांत. आणि मग, ८७१. डावी कडी खट्‌. उजवी कडी खट्‌. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी चुकून अक्षतासुद्धा टाकल्या.

सर्वांत वर कागद होता. त्यावर माझ्या अक्षरात ८७१. आणि तो कागद म्हणजे वीजबिल. त्या महिन्याचं बिल आठशे एकाहत्तर रुपये आलं होतं आणि नंबर लावताना ते माझ्या हातात होतं. सौ.ने बिल उलटून पाहिलं. मुदत चार दिवसांपूर्वी संपली होती. ते भरायचं राहून गेलं होतं.

साडी वेळेत नेसली गेली, गौरीहर झाला आणि मी भाचीला बारा चौतीसला बोहल्यावर उभं केलं. फोटोत माझा चेहरा भावुक आलाय, असं लोक म्हणतात. म्हणू देत.

जेवायला सर माझ्या शेजारी बसले. पानात वरण-बट्टी, वांग्याची भाजी, कढी, लोणचं, मेथी. सरांनी तूप वाढून घेतलं आणि म्हणाले, "लीलावतीत हेही आहे बरं का. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. सहा चवी. एकेक, दोन-दोन, तीन-तीन असं सहापर्यंत एकत्र करून किती प्रकारचे पदार्थ होतील?"

मी बट्टी कुस्करत राहिलो. ऑप्शनला टाकलेला प्रश्न तसाच सोडायचा असतो.

"त्रेसष्ट," ते म्हणाले. "म्हणजे छत्तीस उलटे. त्रेसष्ट लिहून बघा, सहा आणि तीन एकमेकांकडे तोंड करून बसतात."

समोरच्या पंगतीत सौ. बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि वाढप्याला खूण केली, यांना बट्टी पुरे.

परतीच्या गाडीत बॅग तिच्याच मांडीवर होती. सगळे पेंगल्यावर तिने ती उघडली, खुंटी सरकवली, चाकं फिरवली आणि बंद केली. मला नंबर सांगितलेला नाही, विचारायची सोय नाही. पण मी समोरच्या बर्थवर जागा होतो आणि मला दिसला. शेवटचा आकडा सहा आहे.

किंवा नऊ. किंवा तो पहिला आहे.