“दुसऱ्याचं पोर कोणी टिकवत नाही” म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. फॉस्टर पालक (म्हणजे दुसऱ्याचं पोर दत्तक न घेता काही काळ आपल्या घरी सांभाळणारे) म्हणजे सरकारी पैशावर डोळा ठेवणारे लोक, रक्ताचं नातं नसलं की माया लागत नाही, चार महिन्यात कंटाळून पोर परत आणून सोडतात, त्यापेक्षा पोरं बालगृहातच सुखी आणि हे सगळं सरकारचं काम, गावाने यात पडू नये. मी अमळनेर-पारोळ्याकडे अशा घरांमध्ये जात-येत असते, त्यामुळे एकेक मुद्दा घेऊनच बोलते.

पैशाचं आधी. आपल्या राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात, आधी ११०० होते, त्याच्याही आधी ४२५. (ही योजना जास्त करून नातेवाईकांकडे किंवा एकट्या आईकडे वाढणाऱ्या पोरांना लागू होते, हेही त्या मेसेजवाल्याला माहीत नसावं.) केंद्राच्या मिशन वात्सल्य या पोरांसाठीच्या योजनेतून फॉस्टर केअरसाठी, म्हणजे असं पोर घरी सांभाळण्यासाठी, महिन्याला ४,००० आहेत. २,२५० म्हणजे रोजचे ७५ रुपये, ४,००० धरले तरी रोजचे १३३ च्या आसपास, त्यात दूध, वह्या, चप्पल, तापाचं औषध, शाळेची सहल सगळं आलं, आणि कापूस वेचायला गेलेली बाई दिवसाला याच्यापेक्षा कितीतरी जास्त घरी आणते. वर ते पैसे महिनोन्महिने रखडतात ते वेगळंच, तोपर्यंत किराणावाल्याकडे उधारी चालू. चुकीची माणसं कुठंच नसतात असं मी म्हणणार नाही, म्हणून तर २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ४४ मध्ये लिहून ठेवलंय की बाल कल्याण समितीने (अशा पोरांनी कुठं राहायचं ते ठरवणारी समिती) दर महिन्याला त्या घराची पाहणी करायची. ती पाहणी खरोखर होते का हे विचारा ना, तो प्रश्न रास्त आहे.

रक्ताच्या नात्याचं एवढंच सांगते, रक्त असलं की जीव लागतोच असं असतं तर समितीसमोर इतकी पोरं आलीच नसती.

आता खरा मुद्दा, परत आणून सोडतात तो. हो, काही जण सोडतात, पण का सोडतात ते तरी ऐकून घ्या. आठ-नऊ वर्षांचं पोर घरी येतं, त्याच्या मागे काय घडलं ते पालकांना कोणी धड सांगितलेलं नसतं, आणि मग ते रात्री अंथरूण ओलं करतं, भाकरी उशीखाली लपवून ठेवतं, विचारलं की खोटं बोलतं. ती बाई घाबरते, तिला वाटतं पोराला चोरीची सवय आहे. ज्या लेकराने उपाशी दिवस काढलेत ते अन्न लपवणारच, रागावून ते थांबत नाही, रोज वेळेवर ताट मिळतंय याची खात्री पटली की हळूहळू थांबतं, हे तिला पहिल्याच आठवड्यात सांगणारं कोणीतरी पाहिजे असतं. ते कोणी सांगत नाही, उलट ओट्यावर बसलेल्या बाया म्हणतात, “लोकेसना आंडोर कितला दिन सांभाळशी?” म्हणजे लोकांचं पोर किती दिवस सांभाळशील? हे वाक्य रोज ऐकून कोणाचा धीर टिकेल?

त्यात कागदांची फरफट. रेशन कार्डावर नाव नाही, आधारवर जुना पत्ता, शाळेत गेलं की आधी दाखला आणा. खरं तर शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, पण हे मुख्याध्यापकांना सांगायला त्या बाईसोबत कोणीतरी जायला पाहिजे. एका गावात अंगणवाडीच्या ताई स्वतः गेल्या आणि काम त्याच दिवशी झालं.

जी घरं टिकली तिथं मी हेच बघितलंय, आजूबाजूला दोन-चार माणसं उभी होती. वेचणीच्या दिवसात आई शेतात गेली की शेजारची काकू पोराला शाळेतून आणायची, आशाताई आठवड्यातून एकदा डोकावून जायच्या, आणि तालुक्यातल्या दुसऱ्या एका फॉस्टर आईचा नंबर फोनमध्ये होता, जिच्याशी रात्री दहाला पण बोलता यायचं. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सगळ्या पोरी झोक्यावर आणि आपली एकटी दारात असं होऊ नये म्हणून गल्लीतल्या बायांनी त्या मुलीला गौराईच्या गाण्यात ओढून नेलं, त्यानंतर तिला ‘ती आणलेली पोरगी’ म्हणणं बंद झालं. याला फार पैसे लागत नाहीत, पण हे नसलं तर ४,००० चे ८,००० केले तरी ती बाई थकूनच जाणार.

काही जण माया लागेल म्हणूनही घाबरतात, उद्या आईबाप येऊन घेऊन गेले तर. जाऊ शकतात, त्यासाठीच तर ही व्यवस्था आहे, आणि समितीची हरकत नसेल तर मधल्या काळात आईबाप भेटायलाही येऊ शकतात. निरोप देणं जड जातं, त्या दिवसांत त्या बाईला एकटं सोडू नये एवढं आपण करू शकतो. आणि पोर कायद्याने दत्तक देण्याजोगं ठरलं तर २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षं सांभाळलेल्या पालकांना दत्तकासाठी पुढे येता येतं, आधी ही अट पाच वर्षांची होती. एकटी बाईसुद्धा आता फॉस्टर पालक होऊ शकते.

बालगृहाबद्दल, तिथली माणसं वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, पण कायदाच सांगतो की संस्था हा शेवटचा उपाय. एका ताईच्या हाताखाली इतकी पोरं, कोणाला भरीत आवडतं आणि कोण अंधाराला घाबरतं हे ती कुठं लक्षात ठेवणार, आणि अठरा पूर्ण झाले की सणावाराला जायचं कोणाकडे?

राहिलं गावाने पडू नये ते. गावोगावी ग्राम बाल संरक्षण समिती असायला पाहिजे, सरपंच अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. फॉस्टर घराला भेट देणं, कागदांना मदत करणं, काही बिघडतंय असं दिसलं तर जिल्हा बाल संरक्षण कक्षाला किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवणं हे तिथून सहज होऊ शकतं. तुमच्या गावात तिची शेवटची बैठक कधी झाली, हे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा, आणि उत्तर काय मिळालं ते ज्या ग्रुपवर तो मेसेज आला तिथंच टाका.