‘इकडे बघ’ न म्हणता

गेली दोन वर्षे मी शनिवार-रविवारी ओळखीच्या कुटुंबांचे फोटो काढते आहे; स्टुडिओत नव्हे, तर पुण्याच्या टेकड्यांवर आणि बागांमध्ये. नुकताच कॅमेरा घेतलेले अनेक जण मला लेन्स कोणती घ्यावी हे विचारतात आणि मी त्यांना उत्तरही देते. पण त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. लहान मुलांचे बाहेर काढलेले फोटो बहुतेक वेळा लेन्समुळे बिघडत नाहीत, आपण मुलाला सतत हुकूम देत राहतो म्हणून बिघडतात. ‘इकडे बघ’, ‘हस ना’, ‘बोट काढ तोंडातून’ असे चार मोठी माणसे चार बाजूंनी एकदम म्हणू लागली की दोन वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर जे उमटते ते हसू नसते. हे सगळे कधी संपेल याची ती वाट पाहणे असते.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. ठरवून केलेले माझे पहिले फोटोसेशन मावसभावाच्या कुटुंबाचे होते. डिसेंबरमध्ये पुण्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणून मी सर्वांना पाच वाजता हनुमान टेकडीवर बोलावले. पाच वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांची मुलगी, भाऊ, वहिनी आणि मावशी असे सगळे वेळेवर आले. मुलीची दुपारची झोप प्रवासात मोडली होती आणि अंगातल्या नव्या खणाच्या पोलक्याचे काठ तिला गळ्याशी टोचत होते. मी उन्हाचा हिशोब केला होता, तिचा केला नव्हता. वीस मिनिटांत ती रडू लागली आणि भावाने तिचा दंड धरून तिला कॅमेऱ्याकडे वळवले, कारण मीच ‘एकदा, फक्त एकदा’ असे म्हणत होते. त्या फोटोतला प्रकाश सुरेख आहे, पण तिच्या दंडावर रुतलेली बोटे मला आजही पाहवत नाहीत.

तेव्हापासून मी वेळ ठरवताना पहिला प्रश्न आईला विचारते : बाळ झोपून कधी उठते आणि खाते कधी? मिळालेल्या उत्तरात प्रकाश बसवायचा, प्रकाशात मूल नाही. बहुतेक लहान मुले सकाळी ताजी असतात, त्यामुळे हिवाळ्यात साडेसात ते साडेआठ ही वेळ मला सर्वांत भरवशाची वाटते. मात्र आपल्याकडे सूर्य झपाट्याने वर चढतो. जानेवारीत पुण्यात सातनंतर लगेच सूर्य उगवतो आणि तासाभरात तो क्षितिजापासून सुमारे 12 ते 13 अंश वर आलेला असतो. म्हणजे ज्या सोनेरी उन्हाचे सगळे कौतुक करतात, ते हाती अर्धा-पाऊण तासच राहते. मे महिन्यात तर दुपारच्या फोटोंचा नादच सोडावा. 13 मेच्या आसपास पुण्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो, आपली सावली पायाखाली नाहीशी होते आणि चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी दिसतात.

नवशिक्यांनी सोनेरी उन्हाच्या मागे लागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवात ढगाळ दिवसाने करावी. भाद्रपदात पाऊस उघडलेला असतो, टेकडी हिरवीगार असते, आभाळ पांढरट असते. अशा वेळी प्रकाश सगळीकडून सारखा येतो, मुलाला डोळे बारीक करावे लागत नाहीत आणि ते कुठेही पळाले तरी आपल्याला एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती प्रकाश घ्यायचा ते, बदलावे लागत नाही. ढग नसतील तर इमारतीची किंवा मोठ्या झाडाची एकसंध सावली शोधावी. पानांतून ठिपक्याठिपक्यांनी पडणारे ऊन डोळ्यांना फार सुंदर दिसते, पण गालावर पडले की फोटोत डाग होऊन बसते. मोठ्या हिरवळीशेजारी चेहऱ्यावर हिरवट झाकही येते, म्हणून शक्यतो मातीच्या वाटेजवळ उभे राहावे.

आणखी एक स्थानिक गोष्ट. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, टेकडीवरचे गवत पिवळे पडते आणि फोटोत अप्रतिम दिसते. पण त्याला कुसळे धरलेली असतात. ती मोज्यांत शिरली की मूल पाच मिनिटांत बेजार होते. अशा वेळी जाड सतरंजी न्यावी किंवा सरळ पायवाटेवरच थांबावे.

आता कॅमेऱ्याविषयी. मुलाला मोकळे सोडायचे असेल तर कॅमेरा आधीच तयार हवा, कारण ‘परत एकदा तसेच कर’ हाही एक हुकूमच असतो. धावणारे मूल सेकंदाला दीड-दोन मीटर पुढे जाते. शटर स्पीड, म्हणजे शटर उघडे राहण्याचा वेळ, 1/125 सेकंद ठेवला तर तेवढ्या वेळात ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर सरकते आणि चेहरा पुसट होतो. 1/500 ठेवला तर हे सरकणे तीन-चार मिलिमीटरवर येते. म्हणून शटर 1/500च्या खाली जाऊ देऊ नये, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, ऑटोवर ठेवावा आणि त्यामुळे फोटोत थोडे दाणे दिसले तरी वाईट वाटून घेऊ नये. फोकस सतत माग काढणाऱ्या मोडवर ठेवावा.

दुसरी चूक अॅपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या लहानमोठ्या होणाऱ्या छिद्राची. 50 मिलिमीटरची एफ/1.8 लेन्स स्वस्त आणि चांगली असते, म्हणून बहुतेक जण तीच घेतात आणि पार्श्वभूमी धूसर व्हावी म्हणून ती पूर्ण उघडी ठेवतात. नेहमीच्या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, दोन मीटर अंतरावरून, त्या लेन्समध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम 12 सेंटिमीटरचा असतो. मूल आईच्या कडेवर असेल तर दोघांपैकी एकाचाच चेहरा त्यात बसतो. तीन मीटर अंतरावर जाऊन छिद्र लहान करून एफ/5.6 ठेवले तर हाच पट्टा पाऊण मीटरहून अधिक होतो आणि सगळे घर त्यात मावते. पार्श्वभूमी धूसर हवी असेल तर माणसांना झाडीपासून दूर उभे करावे. त्यासाठी आईला अस्पष्ट करण्याची गरज नाही.

पण खरा फरक पडतो तो बसण्याने. पहिली दहा मिनिटे मी कॅमेरा पिशवीतून काढतच नाही, सतरंजीवर बसून राहते. आठ-नऊ महिन्यांनंतरची बरीच बाळे अनोळखी माणसाला बिचकतात, आणि तोंडापुढे काळे यंत्र धरलेला माणूस त्यांना आणखीच अनोळखी वाटतो. मग सूचना द्यायच्या त्या मोठ्यांना, मुलाला नाही. ‘आपडी थापडी गुळाची पापडी’ खेळायला सांगितले की आईबाबांचे हात आणि चेहरे आपोआप मुलाच्या उंचीवर येतात. मोठ्या भावाला बहिणीच्या कानात गुपित सांगायला सांगावे. बाबांना मी एकच विनंती करते, की त्यांनी माझ्याकडे न पाहता मुलीकडे पाहावे. मूल कॅमेऱ्याकडे पाहते की नाही याची चिंता मग उरत नाही, कारण घरातली सगळी माणसे त्याच्याकडे पाहत असतात आणि फोटोत तेच दिसायला हवे असते.

भावाच्या कुटुंबाला मी पुढच्या वर्षी, नोव्हेंबरातल्या एका सकाळी, पुन्हा बोलावले. मुलीने जुना सुती फ्रॉक घातला होता. त्या दिवशीचा त्यांनी मोठा करून लावलेला फोटो असा आहे : मावशी पायवाटेवर फतकल मारून बसली आहे, नातीचा पाय तिच्या मांडीवर आहे आणि ती मोज्यातली कुसळे एकेक करून काढते आहे. कुणीही कॅमेऱ्याकडे पाहत नाही.

मूल खरोखरच रडू लागले, तर थांबावे. मी आता कुटुंबाशी बोलताना पहिल्या तारखेबरोबरच दुसरी तारीखही ठरवून ठेवते आणि त्या दुसऱ्या दिवसाचे वेगळे पैसे घेत नाही. त्यामुळे ‘आज झालेच पाहिजे’ हा ताण आईबाबांवर राहत नाही, आणि बहुतेक वेळा ती दुसरी तारीख लागतच नाही.