कोण गेलं भो?

काल दुपारी आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीचा मोबाइलवर मेसेज आला : ‘आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे. कृपया पाच तारे द्या.’ तक्रार एवढीच, की वजनकाट्याचा आकडा बिलात उमटत नाही. निराकरण एवढंच, की फोनवरच्या ताई म्हणाल्या, ‘सर, तुमचं व्हर्जन सपोर्टमधून गेलंय,’ आणि तक्रारीचं तिकीट बंद.

फोन स्पीकरवर होता. जळगावची डाळमिल, बाकावर तुरीच्या पट्टीसाठी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदासाठी, थांबलेले एक बाबा.

“कोण गेलं भो?”

“कोणी नाही बाबा. सॉफ्टवेअरचा सपोर्ट संपला.”

“मंग ते बंद पडलं?”

“नाही, चालतंय.”

“कंपनी बुडाली?”

“तीही चालतेय. फक्त ह्या व्हर्जनची भोकं बुजवायला आता कोणी येणार नाही.”

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “म्हंजे भोकं पहिल्यापासून होती?”

“होती.”

“आन् पैसे पुरे मोजले?”

“पुरे.”

“आमच्या तुरीत चार दाणे किडके निघाले तं तुम्ही कडता लावून वजन कापता!”

मुनीमजी घाईघाईने रजिस्टरात तोंड घालून बेरीज करू लागले.

तसं गेलेत बरेच. आमच्या मुख्य मशीनची सिस्टिम, विंडोज सर्व्हर २०१२ आर२, गेली १० ऑक्टोबर २०२३ ला. बिलांचा डेटा सांभाळणारा एसक्यूएल सर्व्हर २०१४, तो ९ जुलै २०२४ ला मागोमाग. ५ वर्षं मुख्य सपोर्ट, ५ वाढीव, मग ३ वर्षं पैसे भरून ऑक्सिजन. तारखा आधीपासून जाहीर असतात, त्यामुळे रडायला तोंड नाही. पण एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीची फी, एप्रिलमध्ये पूर्ण घेतली, तेव्हा हे व्हर्जन काय तरुण होतं?

आणि दोष व्हर्जनचा नव्हताच. काट्याजवळ दिवाळीत विंडोज ११ चा पीसी आला, त्याला काट्याची वायर बसते तो जुना सीरियल पोर्ट नाही. मध्ये लावलेल्या यूएसबी वायरीतली चिप जुनी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिच्या नावाजागी चक्क लिहून येतं, ‘२०१२ पासून बंद’. नव्या चिपची वायर लावली, आकडा आला. ताईंनी एवढं तरी विचारायचं!

अपग्रेड मात्र चुकत नाही. नव्या बिलिंगला एसक्यूएल सर्व्हर २०२२ हवा आणि तो विंडोज सर्व्हर २०१६ च्या खाली बसतच नाही, म्हणजे सगळं मुळापासून. करायचं ते पोळ्याच्या सुमारास, आवक मंद असताना. मार्चअखेरीला हात लावणाऱ्याचं देव भलं करो. आधी बॅकअप दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघायचा, नुसत्या हिरव्या टिकवर जायचं नाही. २०१४ चा डेटा २०२२ वर चढतो, पण एकदा चढला की परत उतरत नाही. कंपॅटिबिलिटी लेव्हल, म्हणजे डेटाबेसने कोणत्या व्हर्जनसारखं वागायचं ते सेटिंग, १२० (२०१४ चं) आहे तशी राहू द्यायची, उत्साह नंतर. जुना सर्व्हर महिनाभर जिवंत ठेवून रोज दहा पट्ट्या दोन्हीकडे काढायच्या आणि पैशापर्यंत ताडायच्या. हमाली-तोलाईचं राउंडिंग हमखास तिथेच फसतं.

हे सगळं मी बाबांना समजावत होतो. त्यांनी शांतपणे टोपी घातली.

“मंग माही पट्टी हातानं लिहा. मुनीमजींचा सपोर्ट चालू आहे ना?”